कैगाचा तपासणी रिपोर्ट आम्हाला समजेल असा द्या

माननीय संपादक साहेब,
स. न. वि. वि.

कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्राचं नाव आपल्याकडं पेपरात दोन वेळेलाच दिसतं. काहीतरी रेकॉर्ड झालं की, नाहीतर नवीन युनिट नको म्हणून कारवारकडं लोक रस्त्यावर आले की. मधल्या सगळ्या वर्षांत तिथं कोण काय तपासतं, तपासून त्यानं काय लिहिलं, ते लिहिलेलं कुठं वाचायला मिळतं, हे कुणी विचारत नाही आणि आपणहून कुणी सांगत पण नाही. माझं पत्र तेवढ्यासाठीच आहे. जरा लांब झालंय, जागा कमी पडली तर दोन भागात छापा पण मधला भाग कापू नका ही विनंती.

मी उद्यमबागेत फाउंड्रीच्या क्वालिटी डिपार्टमेंटला बरीच वर्षं काढली. पंप-व्हॉल्व्हची मोठी कास्टिंग असली की गिऱ्हाईक रेडिओग्राफी, म्हणजे आतला दोष दाखवणारा किरणांचा फोटो मागतं, मग इरिडियम १९२ चा किरणोत्सर्गी सोर्स असलेला कॅमेरा घेऊन एजन्सीची माणसं येतात, रात्री शेड रिकामी करून दोरी बांधायची, सर्वे मीटर घेऊन एकजण फिरणार, त्यांच्या प्रत्येकाच्या छातीला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज, तो दर तीन महिन्यांनी डोस बघायला जाणार. हे सगळे नियम घालणारं जे अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, ज्याला सगळे एईआरबी म्हणतात, तेच कैगाचं लायसन्स देतं आणि गावातल्या डॉक्टरच्या एक्स-रे मशीनचं पण. आमच्या शेडपासून अणुभट्टीपर्यंत एकच ऑफिस, मुंबईत अणुशक्तीनगरला. म्हणून हे बोर्ड मला परकं वाटत नाही आणि त्याच्याकडून अपेक्षा पण आहेत.

बेळगावात बऱ्याच जणांना वाटतं की कैगा म्हणजे तिकडं लांब कुठंतरी घाटाखाली. नकाशा काढून बघा की ओ, सरळ रेषेत शंभर-एकशेदहा किलोमीटर आहे, खानापुरातून त्याहून कमी, आणि खानापूर तालुका संपला की जोयडा लागतो, तिथून काळी नदी धरून खाली गेलं की कद्रा धरण आणि कैगा. जोयडा-सुपा-कारवारात आपले पै-पावणे आहेत, मराठी-कोकणी बोलणारी गावंच्या गावं आहेत. कैगाची ४०० केव्हीची लाइन धारवाडजवळ नरेंद्रच्या सबस्टेशनला येते. शटडाऊन निघाला की कॉन्ट्रॅक्टरकडं फिटर, वेल्डर म्हणून आपल्या भागातली पोरं पण जातात. तिथं २२० मेगावॉटची चार युनिट आहेत, पहिली दोन २००० साली सुरू झाली, तिसरं २००७ ला, चौथं २०११ ला, आणि ७०० मेगावॉटची आणखी दोन व्हायची आहेत. इमर्जन्सी प्लॅनिंगचा झोन १६ किलोमीटरचा धरतात, बेळगाव त्याच्या कितीतरी बाहेर आहे, तेव्हा कुणाला घाबरवायला हे लिहीत नाही. पण ज्या प्लांटची वीज आपण वापरतो आणि जिथं आपली माणसं कामाला जातात त्याच्याबद्दल विचारायला १६ किलोमीटरच्या आत राहायला पाहिजे असं थोडंच आहे.

आता ते रेकॉर्ड. कैगाचं एक नंबरचं युनिट १३ मे २०१६ ला परत सुरू झालं आणि ३१ डिसेंबर २०१८ ला थांबवलं, मधे ९६२ दिवस एकदाही बंद पडलं नाही, त्या वेळी जगात पहिला नंबर. अभिमान वाटायची गोष्ट आहेच, मला पण वाटला. टर्बाइन, पंप, शेकडो व्हॉल्व्ह इतके दिवस न कुरकुरता चालवणं म्हणजे काय असतं ते मेंटेनन्सच्या माणसाला विचारा. पण त्यानंतर "बघा किती सेफ आहे" असं जे सगळीकडं चालू झालं ते मला पटलं नाही आणि आजपण पटत नाही. त्याच्या आधीचं ९४० दिवसांचं रेकॉर्ड ब्रिटनच्या हेशमचं होतं, आणि कैगाला नंतर मागं टाकलं ते कॅनडाच्या डार्लिंग्टननं, १,१०६ दिवस. या तिन्ही ठिकाणच्या भट्ट्या अशा जातीच्या आहेत की चालू असतानाच इंधन बदलता येतं. अमेरिकेत वीज बनवणाऱ्या सध्याच्या सगळ्या भट्ट्या साध्या पाण्याच्या, त्यांना दीड-दोन वर्षांनी इंधन बदलायला थांबावंच लागतं, त्या कितीही चांगल्या चालवल्या तरी ९६२ दिवस कधीच गाठणार नाहीत. म्हणजे हा आकडा बराचसा डिझाइनचा आहे, थोडा मेंटेनन्सचा आहे, आणि सुरक्षेचा त्यात नक्की किती ते त्यातून कळत नाही. सलग चालणं आणि सुरक्षित असणं एकत्र असू शकतं, पण एकावरून दुसरं सिद्ध होत नाही.

मग मोजायचं कशानं? अपघात झालेलाच नाही म्हणजे सुरक्षित, असं म्हणता येत नाही. मोठा अपघात इतका क्वचित होतो की शून्य हा आकडा चांगल्या प्लांटचा पण असतो आणि खराब प्लांटचा पण, अगदी अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत. म्हणून अपघाताच्या बरंच आधी काय काय बिघडायला लागतं ते शोधून त्याच्यावर नजर ठेवायची, सगळ्या देशांतले नियामक कमी-जास्त हेच करायला बघतात.

यात सगळ्यात जास्त उघड्यावर केलेलं काम अमेरिकेचं आहे म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. १९७९ ला थ्री माइल आयलंडला भट्टीचं इंधन वितळलं, त्यानंतर तिथल्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशननं, म्हणजे एनआरसीनं, प्रत्येक प्लांटला मार्क द्यायची पद्धत आणली. इन्स्पेक्टर आणि साहेब लोक एकत्र बसायचे आणि ऑपरेशनला इतके, मेंटेनन्सला इतके असे एक-दोन-तीन ग्रेड द्यायचे. यावर दोन्हीकडून तक्रार झाली, कंपन्या म्हणाल्या की मार्क देणाऱ्याच्या मनावर आहे, लोक म्हणाले की निकाल यायला इतका उशीर होतो की तोपर्यंत प्लांट आणखी घसरलेला असतो. शेवटी १९९८ ला ती पद्धत थांबवली आणि २००० पासून नवीन आणली.

नवीन पद्धतीत सात गोष्टी धरल्या: बिघाडाची सुरुवातच किती वेळा होते, झाला तर आवरायची यंत्रणा तयार आहे का, किरणोत्सर्ग अडवणाऱ्या भिंती शाबूत आहेत का, इमर्जन्सीची तयारी, लोकांना मिळणारा डोस, कामगारांना मिळणारा डोस, आणि सिक्युरिटी. यातल्या प्रत्येकाला दोन बाजूंनी बघतात. एक म्हणजे कंपनीनं दर तीन महिन्यांनी द्यायचे आकडे, दुसरं म्हणजे एनआरसीच्या स्वतःच्या इन्स्पेक्टरनं काय बघितलं ते. सहसा प्रत्येक साइटवर किमान दोन इन्स्पेक्टर कायमचे राहायला असतात, त्यांना कंट्रोल रूममध्ये जायला कुणाची परवानगी लागत नाही. निकाल रंगात येतो, हिरवा, पांढरा, पिवळा, लाल. समजा भट्टी अचानक बंद करावी लागली, ज्याला स्क्रॅम म्हणतात, तर ७,००० तास चालण्यामागं तीनपर्यंत हिरवा, तीनच्या वर पांढरा, सहाच्या वर पिवळा, पंचवीसच्या वर लाल. इन्स्पेक्टरला काही सापडलं तर त्यामुळं इंधन वितळायचा धोका किती वाढला याचा हिशेब करून रंग देतात, धोका वर्षाला दहा लाखांत एकापेक्षा कमी वाढला तर हिरवा, दहा हजारांत एकाच्या वर गेला की लाल. आणि कुठला रंग आला की पुढं काय करायचं ते आधीच एका तक्त्यात लिहून ठेवलंय, जास्तीची तपासणी, मग आणखी मोठी टीम, आणि शेवटच्या रकान्यात प्लांट चालवायची परवानगीच नाही. कुणाच्या ओळखीवर काही अवलंबून नाही. हे सगळं वेबसाइटवर दर तीन महिन्यांनी येतं, प्रत्येक भट्टीचं वेगळं, शेजारच्या गावातली शाळेतली पोरगी पण बघू शकते.

मला यातली एक गोष्ट खटकते ती पण लिहितो, कारण आपल्याकडं आकड्यांचं फार कौतुक आहे. भट्टी बंद करण्याचे मार्क कापायला लागलात तर ऑपरेटर बंद करायला कचरणार नाही का? आमच्या शॉपमध्ये रिजेक्शनचा टक्का खाली आणायचा आदेश निघाला की दुसऱ्या आठवड्यात टक्का खाली यायचा, कास्टिंग तीच असायची, फक्त जे बाजूला ठेवायचं ते गाडीत जायला लागायचं. आकडा मोजायला लागलं की माणसं आकडा सांभाळतात. ही शंका तिकडं पण घेतली गेली होती, म्हणून तर त्यांनी आकड्यांच्या जोडीला साइटवर राहणारा इन्स्पेक्टर ठेवला.

आणि तरी पण डेव्हिस-बेसी झालं.

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ओहायो राज्यात ईरी तळ्याच्या काठावर डेव्हिस-बेसी नावाचा प्लांट आहे. नवीन पद्धत चालू होऊन दोन वर्षं झालेली, या प्लांटचे कंपनीनं दिलेले आकडे हिरवे, कुठं शंका नाही. मार्च २००२ मध्ये इंधन बदलायला बंद असताना भट्टीच्या पात्राचं झाकण तपासलं तर सोळा-सतरा सेंटिमीटर जाडीच्या पोलादात हे मोठं भगदाड. झाकणातून जाणाऱ्या नळ्यांना तडे गेलेले, त्यातून थंड करणारं पाणी झिरपायचं, त्या पाण्यात बोरिक ॲसिड असतं, ते वर्षानुवर्षं पोलाद खात बसलं होतं. उरलं होतं काय तर आतून लावलेला स्टेनलेस स्टीलचा जेमतेम सेंटिमीटरभर थर, आणि त्याच्या आत दीडशे वातावरणाच्या आसपास दाबाचं गरम पाणी. तो थर फुगलेला आणि तडकलेला होता पण फुटला नाही. फुटला असता तर ते पाणी सगळं इमारतीत उसळलं असतं, मग इमर्जन्सी कूलिंगनं किती साथ दिली असती त्याच्यावर सगळं.

पण हे आधी दिसत नव्हतं असं नाही, हे मनाला जास्त लागतं. भट्टीच्या इमारतीतल्या हवेचे फिल्टर गंज आणि बोरिक ॲसिडच्या भुकटीनं भरायचे, नेहमीपेक्षा कितीतरी लवकर, तर ते दोन-दोन दिवसांनी बदलायचे, बदलणाऱ्याला काम मिळालं, का भरतात हे शेवटपर्यंत खणून काढलं नाही. २००० सालच्या शटडाऊनमध्ये झाकणावरून लाल गंजाचे ओघळ आलेला फोटो काढलेला होता, कागदपत्रांत लावलेला होता. एनआरसीनं या जातीच्या प्लांटना ३१ डिसेंबर २००१ च्या आत नळ्या तपासा म्हणून सांगितलं होतं, या कंपनीनं मुदत मागितली, आणि मधला तोडगा म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालवायला दिलं. पुढं एनआरसीच्याच अंतर्गत चौकशी अधिकाऱ्यानं लिहिलं की हा निर्णय मोठ्या प्रमाणात कंपनीचं आर्थिक नुकसान कमी व्हावं म्हणून घेतला गेला. प्लांट २००४ पर्यंत बंद राहिला, एनआरसीनं ५४ लाख ५० हजार डॉलरचा दंड लावला. त्यानंतर २००६ ला त्यांनी आपल्या पद्धतीत सेफ्टी कल्चर घातलं, म्हणजे सापडलेला दोष कंपनी मुळापासून काढते का, कामगार न घाबरता वर सांगू शकतो का, हे पण इन्स्पेक्टरनं बघायचं.

मला या गोष्टीतून जे दिसतं ते असं की आकडे हिरवे असताना पण प्लांट आतून खराब असू शकतो, आणि ते आधी कळतं ते फिल्टर बदलणाऱ्या माणसाला. हे आपल्याला कळलं तरी कसं? फोटो, मुदतीची पत्रं, चौकशीचे रिपोर्ट, सगळं त्यांनी बाहेर काढलं म्हणून. स्वतःच्या नियामकाची चूक स्वतः छापली. मी इथं बसून ते वाचू शकतो, पण माझ्या शेजारच्या जिल्ह्यातल्या प्लांटचं तसं वाचू शकत नाही.

आता कैगा. १३ मे १९९४, हो रेकॉर्ड सुरू झालं तीच तारीख, एक नंबरच्या युनिटचं बांधकाम चालू असताना घुमटाचा आतला काँक्रीटचा थर सुटून खाली आला. भट्टीत इंधन नव्हतं म्हणून किरणोत्सर्गाचा प्रश्न आला नाही, पण अपघात झाला तर सगळं आत कोंडून ठेवायचं काम ज्या घुमटाचं तोच पडला. चौकशी झाली, डिझाइन बदललं, मगच पुढचं काम झालं, त्याबद्दल तेव्हाच्या लोकांना मानलं पाहिजे. दुसरी गोष्ट नोव्हेंबर २००९ ची. ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन असलेलं, भट्टीत वापरायचं जड पाणी कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये टाकलं आणि पन्नासहून जास्त कामगारांच्या पोटात गेलं. पकडलं गेलं ते नेहमीच्या लघवी तपासणीत. कामगाराला एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टच्या (हे डोस मोजायचं माप) वर डोस मिळू नये असा नियम आहे, दोघंजण त्याच्या वर गेले असं तेव्हा सांगण्यात आलं. आता विचार करा, या घटनेत स्क्रॅम नाही, यंत्र बिघडलं नाही, बाहेर काही सांडलं नाही. युनिट तर त्या वेळी मेंटेनन्ससाठी बंदच होतं. वीज किती बनवली, किती दिवस चालवलं, कुठल्याच आकड्यात ही गोष्ट येत नाही. पण जड पाण्यापर्यंत कोण पोचू शकतो, कूलर कुठं ठेवलाय, एखादा माणूस असं करायच्या मनःस्थितीत का आला, हा सगळा सुरक्षेचाच भाग आहे. आणि लघवी तपासायची जी कंटाळवाणी रोजची पद्धत होती तिनंच ते पकडलं, हे पण तितकंच खरं.

एईआरबी काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही, ते अन्यायाचं होईल. प्लांटचं लायसन्स पाच वर्षांपर्यंतचंच असतं, नंतर परत तपासून वाढवतात. दर दहा वर्षांनी मोठा आढावा होतो, त्यात यंत्रं किती जुनी झाली, नवीन नियमांच्या मानानं डिझाइन कुठं कमी पडतं, भूकंप-पुराचा हिशेब बदलला का, सगळं परत बघतात. काही घडलं तर ठरलेल्या वेळेत कळवावं लागतं आणि त्यावर तीन पायऱ्यांच्या कमिट्या बसतात, मधली सारकॉप नावाची आहे ती चालू प्लांटसाठीच आहे. प्रत्येक साइटवर बीएआरसीची, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा असते, ती आजूबाजूचं पाणी, दूध, भात, मासे तपासते. साधारण माणसाला प्लांटमुळं वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस मिळू नये ही मर्यादा आहे. वार्षिक रिपोर्ट निघतो, वेबसाइटवर असतो, घटना आंतरराष्ट्रीय स्केलवर शून्य ते सातमध्ये कुठं बसल्या ते त्यात असतं. कामाची माणसं आहेत तिथं, याबद्दल मला शंका नाही.

पण दोन गोष्टी अडतात. पहिली म्हणजे हे बोर्ड १९८३ साली सरकारी आदेशानं झालं आणि रिपोर्ट करायचं ते अणुऊर्जा आयोगाला, ज्याचे अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचे सेक्रेटरी, आणि प्लांट चालवणारी कंपनी पण त्याच खात्याची. २०१२ ला कॅगनं यावर सरळ बोट ठेवलं, त्याच रिपोर्टात होतं की देशातली ९० टक्क्यांहून जास्त मेडिकल एक्स-रे सेंटर एईआरबीच्या नोंदणीशिवाय चालतात. २०१५ ला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची टीम आली, तिनं पण सांगितलं की बोर्डाला कायद्यात स्वतंत्र म्हणून बसवा. जपाननं हेच केलं नव्हतं, तिथला नियामक अणुवीज वाढवणाऱ्या मंत्रालयाच्याच पोटात होता, २०११ ला फुकुशिमा झाल्यावर त्यांच्या संसदेच्या चौकशी आयोगानं ही माणसांनी घडवलेली आपत्ती आहे असं लिहिलं आणि २०१२ ला नवीन नियामक आणावा लागला. आपल्याकडं डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत शांती विधेयक पास झालं, खाजगी कंपन्यांना अणुवीज बनवायला वाट मिळाली आणि एईआरबीला कायद्यात जागा मिळाली. चांगलं झालं, उशिरा झालं. खाजगी कंपन्या येणार म्हटल्यावर तर नियामकाचा निकाल लोकांसमोर असणं आधीपेक्षा जास्त गरजेचं झालंय.

दुसरी अडचण गुप्ततेची सवय. १९९५ ला एईआरबीचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या काळात देशातल्या अणुप्रकल्पांमधल्या सुरक्षेच्या त्रुटींची यादी केली, शंभराच्या वर मुद्दे होते. ती लोकांना दाखवा म्हणून पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना कोर्टात गेली, मुंबई हायकोर्टानं नाही म्हटलं आणि २००४ ला सुप्रीम कोर्टानं पण १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या गुप्ततेच्या कलमावर बोट ठेवून सरकारची बाजू मान्य केली. बघा, यादी नियामकानंच केलेली, काम चांगलं केलेलं, आणि ते चांगलं काम पण लपवायचं. त्यातले किती मुद्दे मिटवले हे लोकांनी विश्वास ठेवूनच मानायचं.

उघड केलं की लोक घाबरतील, हे कारण नेहमी देतात. मला उलट अनुभव आहे, २००९ ला आपल्याकडं काय काय बोललं जात होतं ते आठवा, नीट माहिती वेळेवर आली असती तर निम्म्या अफवा उठल्याच नसत्या. दुसरं कारण सिक्युरिटीचं. ते मान्य, गेटवर पहारा कसा आहे ते कुणी विचारत नाही, सिक्युरिटीचा तपशील तर अमेरिका पण बाहेर देत नाही, बाकी सहा गोष्टी देते. कॅनडाचं बघा, कैगाच्या भट्ट्या मुळात त्यांच्याच डिझाइनच्या वंशातल्या. तिथला नियामक दर वर्षी प्रत्येक प्लांटला १४ विषयांत शेरा देतो, समाधानकारक, अपेक्षेपेक्षा कमी, अजिबात चालणार नाही असे, आणि त्याच्यावर उघड बैठक होते, लायसन्स वाढवायचं असलं की सुनावणीत साधी माणसं उठून बोलतात. फ्रान्समध्ये प्रत्येक प्लांटपाशी स्थानिक माहिती कमिटी असते, २००६ पासून कायद्यानंच, त्यात निवडून आलेले लोक, युनियन, पर्यावरणवाले सगळे बसतात आणि कंपनीला प्रश्न विचारतात. अशी कमिटी कारवार-जोयड्याला का नको? काळी नदीवर एकामागून एक धरणं झाली, लोक उठले, कैगा आलं, परत उठले, कन्नड साहित्यिक डॉ. शिवराम कारंतांसारखा माणूस १९८९ ला या प्रश्नावर लोकसभेला उभा राहिला. इतकं सोसलेल्या भागाला दर तीन महिन्यांनी एक पान माहिती मिळू नये हे मला पटत नाही.

माझं मागणं मोठं नाही. कैगाच्या चारही युनिटचं वेगवेगळं, दर तीन महिन्यांनी एक पान. त्यात काय पाहिजे: किती वेळा अचानक बंद करावं लागलं आणि कशामुळं, एईआरबीची तपासणी झाली का आणि त्यात काय सापडलं, आधीच्या तपासणीतले किती मुद्दे अजून पुरे व्हायचे आहेत आणि ते किती जुने आहेत, कामगारांचा डोस, त्यात कायमचे वेगळे आणि कॉन्ट्रॅक्टवाले वेगळे, आणि आजूबाजूच्या पाण्या-माशात काय आढळलं. यातला पुरे न झालेल्या मुद्द्यांचा आकडा मला सगळ्यात जास्त बघायचाय. दोष सापडणं वाईट नाही, चांगली तपासणी केली की दोष सापडतातच, पण तोच दोष तीन तपासण्यांत परत दिसला तर तिथं काहीतरी मुरतंय. वार्षिक रिपोर्ट हिंदी-इंग्रजीत असतो, हे पान कन्नड, मराठी आणि कोकणीत पण पाहिजे. कारवार, जोयडा, हल्याळ, खानापूर या तालुक्यांतल्या ग्रामपंचायतीच्या बोर्डावर ते लागलं पाहिजे. आणि कॉन्ट्रॅक्टवर जाणाऱ्या पोराला आत काही खटकलं तर ठेकेदाराला न विचारता सरळ एईआरबीला कळवता येईल असा नंबर त्याच पानावर छापलेला पाहिजे, नाव गुप्त ठेवायच्या हमीसह. फिल्टर का भरतोय हे तोच सांगणार आहे.

आमदार-खासदारांनी हे उचललं तर बरंच आहे, आपल्या सीमाभागातल्या नेत्यांना माझी विनंती आहे की दर वेळी जे प्रश्न मांडता त्याच्यात हा पण घ्या, यात मराठी-कन्नड असा वाद यायचं कारणच नाही, दोन्ही भाषेतल्या लोकांचं यात सारखंच आहे. पण त्यांची वाट बघत बसायची गरज नाही. माहिती अधिकारात एईआरबीला अर्ज करता येतो, फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कैगाचं शेवटचं लायसन्स कुठल्या अटींवर वाढवलं, दहा वर्षांच्या आढाव्यात काय सुधारणा सांगितल्या आणि त्यातल्या किती झाल्या, गेल्या पाच वर्षांत किती घटना कळवल्या गेल्या, एवढं आधी विचारूया. व्यक्तीपेक्षा पेपरच्या बातमीदारानं अर्ज केला तर उत्तर छापलं जाईल आणि नकार आला तर तो पण छापला जाईल, म्हणून तुम्हाला लिहितोय. प्रश्न मी मराठीत लिहून तयार ठेवलेत, इंग्रजी करून द्यायला ओळखीतले एक निवृत्त प्राध्यापक तयार आहेत. तुमच्या ऑफिसात कुणाला भेटायचं तेवढं कळवा, मी कागद घेऊन येतो.

आपला,
एक वाचक
उद्यमबाग, बेळगाव